कामगार पुढारी विधानसभेत कशाला हवा?

विधानसभेच्या निवडणुकीत एखादा कामगार पुढारी उभा राहिला की दोन प्रकारची बोलणी हमखास कानावर येतात. एक, ‘याला आता खुर्ची हवी, हा आपला राहिला नाही.’ दुसरं, ‘संपात आम्ही त्याच्याच मागे, पण मताचं वेगळं असतं.’ मत जातीला जातं, पक्षाला जातं, नाहीतर निवडून येण्यासारख्या माणसाला जातं. गेटवर हजारो माणसं जमवणारा पुढारी मतमोजणीत तिसऱ्या नंबरवर राहतो आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं पगारवाढीचा करार घेऊन त्याच्याच ऑफिसात बसलेली असतात.

हे आजचं नाही. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 रोजी खून झाला. गिरणगाव हादरलं. त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली, देसाईंच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. ज्या चाळींमधून लाल बावट्याचे मोर्चे निघत, त्याच चाळींनी हा निकाल दिला. युनियनची वर्गणी आणि मतपेटीतलं मत या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

तरीही माझं म्हणणं असं की कामगार पुढाऱ्यानं विधिमंडळात जायला हवं, आणि आज तर आधीपेक्षा जास्त गरज आहे. मात्र आपण त्याला जे माप लावतो ते चुकीचं आहे. ‘त्यानं सभागृह दणाणून सोडलं’ किंवा ‘माझ्या पोराला कामाला लावलं’ या दोन्हींवरून त्याची आमदारकी जोखता येत नाही. तो सभागृहातून गेल्यावरही कामगाराच्या हातात काय उरलं, हे बघायला हवं.

सोलापूरचंच बघा. नरसय्या आडम, म्हणजे सगळ्या शहराचे आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून 1978, 1995 आणि 2004 असे तीन वेळा आमदार झाले. त्यांची पहिली विधानसभा 1980 च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली, म्हणजे ती आमदारकी दोन वर्षांतच आटोपली. पुढची पंधरा वर्षं ते सभागृहाबाहेर. एखाद्या पक्षाच्या हिशेबानं ही काही मोठी कारकीर्द नव्हे. पण सोलापुरात त्यांच्या युनियनची खरी ताकद होती विडी वळणाऱ्या बायकांमध्ये, आणि त्यांचं काम समजून घेतल्याशिवाय या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही.

विडी कामगार बाई घरातच काम करते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत वजनावर घेऊन येते. पान भिजवायचं, फर्म्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, सुतानं बांधायचं, टोक दुमडायचं. हजार विड्यांचा हिशेब. पान खराब निघालं तर मापातल्या विड्या भरत नाहीत, मग तेवढं पान तिनं पदरचं घालायचं. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन कारखान्यात गेलं की तपासणारा माणूस मूठभर विड्या बाजूला काढतो. ही छाट. छाट काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही. कायदा 1966 चा होता (2025 मध्ये तो नव्या कामगार संहितांमध्ये सामावला), नियम राज्याचे, छाट किती काढावी यालाही मर्यादा. पण ती मर्यादा त्या टोपलीपाशी कोण मोजणार? बाई एकटी असली तर कोणी नाही. युनियनची बाई शेजारी उभी असली तर मोजली जाते. आणि निरीक्षक वर्षभर फिरकलाच नाही, हे विधानसभेत विचारणारं कोणी असलं तर तो निरीक्षकही फिरकतो.

याच बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. वसाहतीला नाव वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचं. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30,000 घरांची योजना आली. 2019 च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली आणि 2024 च्या जानेवारीत पहिली 15,000 घरं त्यांच्याच हस्ते दिली गेली. या दुसऱ्या योजनेच्या साऱ्या काळात मास्तर आमदार नव्हते. 2009 पासूनच्या निवडणुका ते हरत आले.

मग आमदारकीचा उपयोग काय झाला, असा प्रश्न येतोच. मला दिसतं ते असं. घराचा प्रश्न म्हणजे जमीन, बिगरशेती परवानगी, पाणी, रस्ता, केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, बाईचा स्वतःचा वाटा आणि बँक. यातली एक फाईल कुठेतरी अडकली की सगळंच अडकतं. ती कोणत्या खात्यात, कोणत्या टेबलावर, कोणत्या शेऱ्यासाठी थांबली आहे हे कळायला सरकार आतून बघितलेलं असावं लागतं. ती ओळख आमदारकीनं दिली. पण फाईल पुढे सरकली ती मागे हजारो बायका मोर्च्यात उभ्या राहू शकत होत्या म्हणून. नुसता माजी आमदार मंत्रालयात जातो तेव्हा त्याला चहा मिळतो, शेरा मिळत नाही.

विधिमंडळ आणि कामगार यांचं नातं या राज्यात फार जुनं आहे. 1935 च्या कायद्यानं प्रांतिक विधानसभांमध्ये कामगारांसाठी राखीव जागाच ठेवल्या होत्या. मुंबई प्रांताच्या 175 जागांपैकी 7 कामगारांच्या. 1937 मध्ये निवडून आलेल्या त्या सभागृहात दोन माणसं समोरासमोर होती. सत्ताधारी काँग्रेसकडे गुलझारीलाल नंदा, अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेचे चिटणीस, मजूर खात्याचे संसदीय सचिव. विरोधात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते. त्यांच्याच पक्षाचे एक आमदार होते शामराव परुळेकर, पुढे गोदूताईंचे जीवनसाथी आणि वारली लढ्यातले सहकारी. कुंभारीच्या वसाहतीच्या नावातला धागा असा थेट त्या सभागृहापर्यंत पोचतो.

1938 मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारनं औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. संपावर जाण्यापूर्वी समेटाच्या सगळ्या पायऱ्या सक्तीच्या, त्या चुकवून संप केला तर तो बेकायदा आणि तुरुंगवासाची तरतूद. आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा एक प्रकार आहे, अशी त्यांची मांडणी होती. सभागृहात बहुमत नव्हतं, विधेयक थांबलं नाही. म्हणून 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी या दोघांचं फारसं जमत नसे. सभागृहात हरणार हे माहीत असताना बाबासाहेबांनी तिथे इतक्या तपशिलानं युक्तिवाद का केला असेल? कारण रस्त्यावरच्या माणसाला तो का रस्त्यावर आहे हे सांगायला तो युक्तिवाद लागतो. आज आपण ते विधेयक काय होतं हे वाचू शकतो, ते त्या भाषणांमुळेच.

नंदांची बाजू मात्र खलनायकाची नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. मजूर महाजनची शिकवण लवादाची होती. मालक-कामगारांनी भांडण पंचांपुढे न्यावं, संप शेवटी. नंदा 1946 मध्ये मुंबई प्रांताचे मजूरमंत्री झाले आणि त्यांनी मुंबई औद्योगिक संबंध कायदा करून घेतला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन असेल आणि मालकाशी बोलणी तीच करेल. मालकानं चार युनियन एकमेकांत झुंजवू नयेत, हा त्यामागचा प्रामाणिक हेतू. पण प्रातिनिधिक कोण, हे गुप्त मतदानानं ठरणार नव्हतं. वर्गणीदारांच्या नोंदी तपासून निबंधक ठरवणार होता. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगार आणि बोनसच्या बरोबरीनं त्यांची मागणी हीच होती, की हा कायदा काढा आणि आम्हाला आमची युनियन निवडू द्या. अडीच लाख माणसं डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभी होती आणि कायद्याच्या दृष्टीनं त्यांचा प्रतिनिधी दुसराच कोणीतरी होता. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. कामगार गावी गेले, गिरण्यांचे भोंगे थांबले. एका कामगार पुढाऱ्यानं, चांगल्या हेतूनं, सभागृहात बसून केलेला कायदा छत्तीस वर्षांनी कामगारांच्याच गळ्याशी आला. म्हणून ‘आपला माणूस मंत्री झाला’ एवढ्यावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

सामंत स्वतः विधानसभेत बसून आलेले होते. आणीबाणीत त्यांना अटकही झाली होती. 1984 च्या काँग्रेसच्या लाटेत, जेव्हा भले भले वाहून गेले, तेव्हा ते मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. गिरणगावानं त्यांना आपली निष्ठा दिली. पण एकट्या अपक्ष खासदाराच्या हातून कायदा बदलत नसतो, आणि तोवर गिरण्यांतला कामगारच विखुरला होता. मागे संघटना नसलेला प्रतिनिधी आणि प्रतिनिधी नसलेली संघटना, दोन्ही किती हतबल होतात हे त्या दशकानं दाखवलं.

आता दुसरा कायदा घेतो. तो मला महाराष्ट्राच्या विधिमंडळाचं सगळ्यात मोठं कामगारविषयक काम वाटतं. 1969 चा माथाडी कायदा.

माथाडी म्हणजे डोक्यापाठीवर ओझं वाहणारा. बाजारात तो सकाळी एका गाळ्यावर ट्रक खाली करतो, दुपारी दुसऱ्याचा माल भरतो, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावतो. त्याचा मालक कोण? पहिला व्यापारी म्हणतो, मी फक्त दोन तासांचा. ट्रकवाला म्हणतो, माझा काय संबंध. मुकादम म्हणतो, मी तर यांच्यातलाच. मालकच सापडत नाही म्हटल्यावर पीएफ कोणाकडे मागायचा, पोत्याखाली कंबर गेली तर भरपाई कोणाकडे? सगळे कामगार कायदे मालक गृहीत धरून लिहिलेले. या माणसाला ते लागूच होत नव्हते.

अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या दारूखाना भागात स्वतः हे काम केलं होतं. त्यांनी माथाडींची युनियन बांधली, बाजार बंद पाडले, आणि वसंतराव नाईकांच्या काळात हा कायदा झाला. त्याची युक्ती साधी आणि फार हुशार आहे. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचं मिळून एक मंडळ. कामगाराची आणि व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे. व्यापारी मजुरी थेट न देता मंडळात भरतो, वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरतो. मंडळ मजुरी वाटतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना चालवतं. दिवसातले पाच मालक मिळून एका जागी जबाबदार झाले. पुढे 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीचा कायदा झाला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की कायदा आधी झाला आणि अण्णासाहेब विधान परिषदेवर नंतर गेले. कायदा मिळवला बंद पडलेल्या बाजारानं. म्हणजे ‘आत गेल्याशिवाय काही होत नाही’ हे खरं नाही. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. ते नगरसेवक राहिले, आमदार कधी झाले नाहीत, तरी शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणण्याची लढाई त्यांच्या आंदोलनानं पुढे नेली. मग आमदार लागतो कशाला? कायदा टिकवायला. मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी नेमायचे की सगळा कारभार एका अधिकाऱ्याच्या हाती ठेवायचा, हे सरकार ठरवतं. मंडळांची आणि सल्लागार समितीची पुनर्रचना करा, ही माथाडी संघटनांची जुनी मागणी आहे. तिन्ही बाजूंनी चालवायची यंत्रणा एकाच बाजूनं चालू लागली तर कायद्याचा एक शब्द न बदलता कायदा मरतो. आणि बाजारात माथाडीच्या नावानं खंडणी उकळणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या, ही व्यापाऱ्यांची तक्रारही खरी आहे. त्याचा बंदोबस्त चांगल्या युनियननं आणि तिच्या आमदारानंच पुढे होऊन करायला हवा होता. तो न केल्यामुळे 2023 मध्ये सरकारनं दुरुस्ती विधेयक आणलं, तेव्हा कामगारांना आपला कायदा वाचवायला पुन्हा रस्त्यावर यावं लागलं.

मी नियम आणि नेमणुकांवर इतका भर देतो आहे, कारण कामगाराचं नशीब आता बहुतेक तिथेच ठरतं. गिरण्यांच्या जमिनीचं उदाहरण आहेच. मुंबईत सुमारे 600 एकर जमीन. 1991 च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त इमारती नसलेल्या मोकळ्या तुकड्याची राहिली. शहराचा आणि कामगारांच्या घरांचा वाटा एका फटक्यात आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल वैध ठरवला. हा बदल नियमातल्या दुरुस्तीनं झाला. त्यासाठी विधेयक लागलं नाही, मतदान लागलं नाही. ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी गिरणगावात किती जणांना कळलं असेल?

आता जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. संसदेनं सांगाडा दिला, पण मांस भरणार आहेत राज्यांचे नियम. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. औद्योगिक संबंध संहितेनुसार कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी 300 किंवा जास्त कामगार असले तरच लागते, पूर्वी ती 100 ला लागत असे. आणि हा 300 चा आकडाही सरकार नुसत्या अधिसूचनेनं आणखी वाढवू शकतं. संपासाठी आगाऊ नोटीस आता सगळ्याच उद्योगांना सक्तीची आहे. 1938 चा तो वाद आठवा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं 2025 च्या सप्टेंबरमध्ये कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर न्यायला मान्यता दिली. अशा वेळी नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, हरकतींना मुदत असते, नियम सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात, ते तपासायला विधिमंडळाची समिती असते. पटलावर ठेवलेला कागद उचलून वाचणारा एकही आमदार नसेल तर तो कागद तसाच कायदा होतो.

शिक्षकांचं बघा. घटनेनं विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ दिले, महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. विनाअनुदानित तुकड्या, जुनी पेन्शन, संचमान्यता (शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी) हे विषय म्हणून अधिवेशनामागून अधिवेशन सभागृहात येत राहतात. अमरावतीचे बी. टी. देशमुख पदवीधर मतदारसंघातून दीर्घकाळ निवडून येत राहिले. प्राध्यापकांच्या संघटनेचा हा माणूस नियमांचं पुस्तक हातात घेऊन उभा राहिला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागे. तसा जाणकार माणूस आशाताईंना नाही, कंत्राटी सफाई कामगाराला नाही, मोटारसायकलवर पार्सल पोचवणाऱ्या पोराला नाही. मी राखीव जागा पुन्हा आणा म्हणत नाही. सार्वत्रिक मताधिकार त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. पण ती जागा संघटनांनी स्वतः भरून काढायला हवी होती. त्यांनी ती मोठ्या पक्षांकडे तिकीट मागण्यावर सोडून दिली.

मोठ्या पक्षाच्या तिकिटाची किंमतही सांगितली पाहिजे. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. सत्ताधारी पक्षातला कामगार पुढारी बारा तासांच्या विधेयकाविरुद्ध मत देऊ शकत नाही, पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. मग त्याच्या हाती उरतं काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, समितीतलं काम, अशासकीय विधेयक. मतासारखी ताकद यांच्यात नाही, पण यांच्यावर पक्षादेशही चालत नाही. किती निरीक्षकांची पदं रिकामी आहेत, किमान वेतन पाच वर्षांच्या आत सुधारायचं असताना कोणत्या उद्योगात ते थकलं आहे, कोणत्या मंडळावर कामगार प्रतिनिधी नाही. हे प्रश्न सत्ताधारी बाकावरूनही विचारता येतात. जो विचारत नाही त्यानं पक्षादेशाची ढाल पुढे करू नये.

म्हणून संघटनांना माझं एक ठाम सांगणं आहे. आपला माणूस निवडून आला की युनियनच्या सर्वसाधारण सभेत दर अधिवेशनानंतर त्याला उभं करा. कोणते प्रश्न दिले, उत्तर काय आलं, कोणत्या नियमावर हरकत घेतली, कोणत्या वेळी गप्प बसला आणि का, हे वर्गणीची पावती फाडणाऱ्याला ऐकू द्या. युनियनचा अध्यक्ष आणि आमदार एकच माणूस असेल तर हे होत नाही, कारण जाब विचारणारा आणि देणारा तोच. निवडून येताच त्यानं युनियनचं पद सोडावं आणि ते दुसऱ्याला, जमलं तर कामावरच्या बाईला, द्यावं. विडीच्या धंद्यात, आशांमध्ये, अंगणवाडीत वर्गणी बायका देतात आणि व्यासपीठावर पुरुष बसतात, हे मला वर्षानुवर्षं खुपतं आहे.

आणि कामगारांनाही सांगायचं आहे. ज्याला संपात पुढे घालता, त्याला मत देताना हात आखडता घेऊ नका. चार वर्षं अकरा महिने कामगार आणि एक महिना जातीचे, असं वागून मग ‘आमचं कोणी ऐकत नाही’ म्हणता येत नाही. संहितांचे नियम, मंडळांवरच्या नेमणुका आणि किमान वेतनाचे फेरविचार येत्या काही वर्षांत याच विधिमंडळापुढे आणि याच मंत्रालयात व्हायचे आहेत. त्या वेळी छाटीच्या टोपलीतल्या विड्या कधी मोजलेला एखादा तरी माणूस आत असायला हवा, आणि बाहेर त्याला जाब विचारणारी युनियनही हवी.